हॅकर सावज कसं हेरतात आणि धोके कसे बदलत जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे चोरण्यासारखं काही नाही. माझ्यामागे कोण कशाला लागेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्यामागचा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. बहुतेक हल्ल्यांत तुमच्यामागे कोणी लागलेलं नसतंच. तुमचं नाव, हुद्दा, पगार यातलं हल्लेखोराला काहीही ठाऊक नसतं. त्याचा प्रोग्राम इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत जातो आणि जिथे जुनं सॉफ्टवेअर, सोपा पासवर्ड किंवा विसरलेलं खातं सापडेल तिथे शिरतो. तुम्ही कोण आहात यापेक्षा तुमचं काय उघडं राहिलंय, यावरच आधी सगळं ठरतं.

आणि चोरण्यासारखं काही नाही हेही खरं नसतं. तुमचा ईमेल हाती आला की बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात. तुमच्या नावाने तुमच्या ओळखीच्या माणसांकडे पैसे मागता येतात, आणि ती माणसं ते देतात, कारण त्यांचा तुमच्यावर विश्वास असतो. तुमच्या राउटरमधून दुसऱ्यावर हल्ला केला, तर माग तुमच्यापाशी येऊन थांबतो.

२०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने हेच केलं. कारखान्यातून येताना कॅमेऱ्यांना आणि राउटरना जे वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड घातलेले असतात, तशा साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या. तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांची नावं त्यांच्या इंटरनेट पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांना बहुधा त्याचा पत्ताही लागला नाही.

माझं उपकरण इंटरनेटवर आहे हे त्यांना कळतं तरी कसं?

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. आकडा प्रचंड वाटतो. पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन मांडलं, आणि एकाच संगणकावरून, चांगल्या वेगाच्या जोडणीवर, हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाळता येतात हे दाखवून दिलं. त्याआधीच, २००९पासून, शोडान नावाचं शोधयंत्र चालू आहे. ते इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची यादी देतं: कॅमेरे, सर्व्हर, कारखान्यातले नियंत्रक. दोन्ही साधनं सुरक्षेचं काम करणारे रोज वापरतात. हल्लेखोरांनाही ती वापरता येतात.

म्हणून ‘आमचा सर्व्हर कोणाला माहीत नाही’ या भरवशावर राहू नका. नवा सर्व्हर जोडल्यावर अनोळखी विचारणा सुरू व्हायला फार वेळ लागत नाही. सर्व्हरची नोंदवही (लॉग) उघडून पाहिलीत तर तुम्हालाही ते दिसेल.

मग निवड होते तरी कधी?

बऱ्याचदा आत शिरल्यानंतर. ही गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचं बरंच उलगडतं.

आता या धंद्यात कामाची वाटणी झालेली आहे. एक टोळी फक्त शिरकाव करते. मिळालेला शिरकाव ती विकायला काढते, आणि जाहिरातीत कंपनीचं नाव न देता देश, व्यवसाय, वार्षिक उलाढाल, संगणकांची संख्या आणि हाती आलेल्या खात्याचे अधिकार एवढंच लिहिते. दुसरी टोळी ते वाचून भाव करते. सावज इथे निवडलं जातं. शिरकाव करणाऱ्याने जाळं सगळीकडे टाकलेलं असतं. विकत घेणारा मात्र पाहून, पारखून घेतो.

त्याच्या निवडीला काही पथ्यंही असतात. डार्कसाइड या टोळीच्या प्रोग्रामसह अनेक खंडणीखोर प्रोग्राम (फाइली अडवून पैसे मागणारे) संगणकावर रशियन किंवा आसपासच्या देशांच्या भाषा आढळल्या तर काम थांबवत. ज्या देशात राहायचं तिथल्या पोलिसांना डिवचायचं नाही, एवढाच त्यामागचा हिशोब.

मे २०२१मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनवर हल्ला केला तो याच डार्कसाइडने. आत जायला त्यांना वापरात नसलेलं एक जुनं व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात येण्याची वाट) खातं पुरलं. त्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची (पासवर्डनंतरची, ओटीपीसारखी) पडताळणी नव्हती, आणि त्याचा पासवर्ड आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या साठ्यात होता. हल्ला कार्यालयीन संगणकांवर झाला होता. खबरदारी म्हणून कंपनीने स्वतःच पाइपलाइन बंद केली आणि पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा लागल्या. ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, देण्यात आले. त्यातले ६३.७ बिटकॉइन नंतर तपास यंत्रणांनी परत मिळवले. एवढ्या मोठ्या घटनेचं मूळ एका विसरलेल्या खात्यात होतं. म्हणून सोडून गेलेल्या माणसांची खाती त्याच दिवशी बंद करा, हे मी भेटेल त्या प्रत्येक संस्थेला सांगत राहतो.

खंडणी किती मागायची हे कसं ठरवतात?

वाचून. आत शिरल्यावर ते ताळेबंद, विम्याची कागदपत्रं, बँकेतली शिल्लक शोधतात. विम्याची मर्यादा हाती लागली तर मागणी तिच्याजवळ जाते. रुग्णालयं आणि शाळा वारंवार सापडतात त्याचं कारण त्यांच्याकडे पैसा जास्त असतो हे नाही. काम एक दिवसही थांबवता येत नाही आणि संगणक विभागाला खर्च कमी मिळतो, या दोन गोष्टी तिथे एकत्र येतात.

फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार संस्थेची घटना मला या सगळ्यात सर्वांत निर्दय वाटते. संस्थेने पैसे दिले नाहीत, तेव्हा ऑक्टोबर २०२०मध्ये हल्लेखोराने थेट रुग्णांना ईमेल केले: पैसे द्या, नाहीतर तुम्ही उपचारकांना जे सांगितलंत ते जगजाहीर करू. सावज आधी संस्था होती. मग तिथे मन मोकळं करायला गेलेला एकेक माणूस सावज झाला.

आणि ज्यांना खरोखर ठरवून गाठतात, त्यांचं काय?

तिथे सगळं गणितच वेगळं. फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश गेले. अमेरिकी तपासानुसार त्याची सुरुवात वर्षभर आधी, नोकरीच्या अर्जाच्या सोंगात पाठवलेल्या ईमेलने झाली होती. म्हणजे वर्षभर ते आत राहून कामकाजाची पद्धत शिकत होते.

वेळ कशी साधली ते पाहा. आदेश गेले गुरुवारी रात्री. शुक्रवार-शनिवार बांगलादेशात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये सुट्टी, आणि पैसा जिथे पोचला त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटरही त्यांनी निकामी करून ठेवला होता. ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये गेले. बहुतेक आदेश अडले, आणि श्रीलंकेला निघालेली एक रक्कम ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकल्यामुळे थांबली. या चोरीमागे उत्तर कोरियाशी जोडलेला गट असल्याचा आरोप अमेरिकेने ठेवला आहे.

अशा हल्लेखोराला तुमच्या शेजारचं सावज सोपं आहे म्हणून फरक पडत नाही. त्याला तुम्हीच हवे असता. पण असा प्रसंग फार थोड्यांवर येतो. आपण कोणत्या गटात मोडतो हे प्रामाणिकपणे ठरवणं ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, आणि तीच बहुतेक वेळा वगळली जाते.

सुट्टीच्या दिवशीच हल्ले का होतात?

पाहणारं कोणी नसतं म्हणून. वर सांगितलेली चोरी तशीच झाली. केसिया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेला हल्ला २ जुलै २०२१चा, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या लांबलेल्या सुट्टीच्या तोंडावर. मे २०२३मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरवरचा हल्लाही तिथल्या जोडून आलेल्या सुट्टीत साधला गेला. सुट्टीत इशारे कोणाच्या फोनवर जाणार, हे लिहून ठेवलेलं असू द्या.

मोठ्या कंपनीवर डाव असतो, मग तिच्या लहान कंत्राटदाराला का धरतात?

कारण कंत्राटदाराला आत जायची परवानगी आधीच मिळालेली असते. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. शिरकाव झाला होता तिचं वातानुकूलन सांभाळणाऱ्या कंत्राटदाराचं खातं वापरून.

पुढे हेच तंत्र सॉफ्टवेअरच्या अपडेटपर्यंत पोचलं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. रोख युक्रेनवर होता. पण ज्या परदेशी कंपन्यांची कार्यालयं तिथे होती त्यांच्या जाळ्यांतून तो जगभर गेला. मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज ठप्प झालं. अमेरिकी सरकारच्या अंदाजाने एकूण नुकसान १,००० कोटी डॉलरचं होतं. ज्यांचं त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी त्यातला मोठा वाटा सोसला.

२०२०च्या डिसेंबरमध्ये उघडकीला आलेलं, कंपन्यांची संगणक जाळी सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलरविंड्सचं प्रकरण निवडीचं फार बोलकं उदाहरण आहे. दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं. हल्लेखोर पुढे सरकले ते अमेरिकी सरकारच्या ९ संस्थांमध्ये आणि शंभरेक कंपन्यांमध्ये. बाकीच्या हजारोंना त्यांनी हात लावला नाही. त्यांना पैसा नको होता, माहिती हवी होती, आणि गाजावाजा झाला असता तर ती मिळाली नसती.

२०२४मध्ये तर एक टोपणनावी व्यक्ती दोनेक वर्षं एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात मदत करत विश्वास कमावत राहिली आणि शेवटी तिने त्यात चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं. त्याने पाठपुरावा केला म्हणून ते जगभरच्या सर्व्हरवर पसरण्याआधी सापडलं. इथे हेरलेलं सावज म्हणजे एकट्याने, विनामोबदला सॉफ्टवेअर सांभाळणारा थकलेला माणूस. अशा माणसांच्या पाठीशी आपण उभं राहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फसवे ईमेल इतके बाळबोध का असतात? कोण फसतं त्यांना?

ते बाळबोध असण्यात फायदा आहे. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली हे उलगडून दाखवलं. ईमेल पाठवायला जवळजवळ काही लागत नाही. खरा खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याशी दिवसचे दिवस बोलण्याचा. जो मध्येच सावध होईल त्याच्यावर घालवलेला वेळ वाया. मग गोष्ट मुद्दामच अशी सांगायची, की शंकेखोर माणूस पहिल्या ओळीतच बाजूला होईल आणि उरेल तो शेवटपर्यंत येईल. धान्य चाळावं तशी ही चाळणी असते.

म्हणून अशा ईमेलला हसू नका, आणि त्यात अडकलेल्या माणसाला तर मुळीच हसू नका. तो एकटा, घाबरलेला किंवा अडचणीत असतो, आणि चाळणी नेमकी त्यालाच शोधत असते.

‘धोके बदलतात’ म्हणजे नेमकं काय बदलतं?

तंत्र बदलतं असं सगळे म्हणतात. माझ्या मते पैसा वसूल करायची वाट बदलते, आणि तंत्र तिच्यामागे जातं.

संगणकातल्या फाइली अडवून पैसे मागण्याची कल्पना १९८९ची आहे. जोसेफ पॉप या संशोधकाने एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या. काही काळाने संगणक अडून बसे आणि पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा असं सांगे. चाल चालली नाही, कारण टपालाने पैसे गोळा करणं संथ आणि पकडलं जाण्यासारखं. पुढची वीसेक वर्षं ही कल्पना जवळपास पडूनच राहिली. २००९मध्ये बिटकॉइन आलं, २०१३मध्ये क्रिप्टोलॉकरने त्यातून खंडणी घ्यायला सुरुवात केली, आणि मग हा धंदा फोफावला.

दुसरं कारण म्हणजे बचाव. लोक बॅकअप ठेवू लागले, खंडणी नाकारू लागले. तेव्हा २०१९च्या अखेरीस मेझ या टोळीने फाइली अडवण्याआधी त्या चोरायला आणि उघड करण्याची धमकी द्यायला सुरुवात केली. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो (फाइलीत दडलेल्या छोट्या आज्ञा) आपोआप रोखले. काही महिन्यांत हल्लेखोर शॉर्टकट फाइली, डिस्क इमेज आणि वननोटच्या फाइलींकडे वळले. कार्डावर चिप आल्यावर नकली कार्डं बनवणं अवघड झालं, तशी फसवणूक कार्ड समोर न ठेवता होणाऱ्या ऑनलाइन खरेदीकडे सरकली. एक वाट बुजवली की दबाव दुसरीकडे वाढतो. यावरून बुजवणं व्यर्थ आहे असं समजू नका. प्रत्येक वेळी हल्लेखोराचा खर्च वाढतो, आणि काही जण गळतात.

पॅच (सॉफ्टवेअरमधली खोट दुरुस्त करणारं अपडेट) आला म्हणजे धोका टळला ना?

तुम्ही तो बसवला असेल तर. नाहीतर त्या दिवसापासून धोका वाढतो, कारण पॅचमध्ये काय बदललंय ते पाहून मूळ खोट कुठे होती हे हल्लेखोरही शोधून काढतात.

वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामच्या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ला आला. हल्ल्याचं साधन १४ एप्रिलला जगजाहीर झालं. हल्ला १२ मे रोजी झाला. दोन महिने हाताशी होते, तरी सुमारे दीडशे देशांतले संगणक अडकले आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्याच वर्षी लोकांच्या कर्जांची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. तिथेही त्यांनी वापरलेल्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच मार्चमध्ये आलेला होता आणि चोर मे महिन्यात शिरले.

दरवर्षी हजारो त्रुटी जाहीर होतात, सगळ्या एकदम कोणीच बुजवू शकत नाही. पण प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जातात त्या त्यातल्या थोड्याच. अमेरिकेची सिसा ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१पासून अशा वापरात असलेल्या त्रुटींची यादी ठेवते. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर ती यादी आणि तुमच्याकडचं सॉफ्टवेअर ताडून पाहा.

जुने धोके कालांतराने नाहीसे होतात का?

फार क्वचित. मिराईचा मूळ कोड २०१६मध्येच उघड झाला आणि त्याची पिलावळ अजून फिरते आहे. जोवर जुनं उपकरण कुठेतरी चालू आहे, तोवर त्याच्यासाठी लिहिलेला हल्लाही चालू राहतो.

एआयमुळे सगळं बदललं का?

भाषेची अडचण संपली, हा मोठा बदल. चुकीची वाक्यरचना पाहून फसवा मजकूर ओळखायची सवय आता कामाची नाही. आवाज आणि चेहऱ्याचंही तेच. २०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमधून बातमी आली: एका बहुराष्ट्रीय अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ वित्त अधिकारी आणि सहकारी पाहिले, आणि सांगितल्याप्रमाणे सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे ते चेहरे बनावट होते.

उपाय मात्र जुनाच राहतो: पैशाची किंवा पासवर्डची मागणी आली की तो संवाद बंद करून, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावायचा. वरिष्ठांनी असा फोन आल्यावर रागावू नये. जिथे साहेबांना उलट विचारायची भीती असते, तिथे ही फसवणूक हमखास साधते.

मला ओटीपी येतो. तेवढं पुरेसं नाही का?

नसण्यापेक्षा कितीतरी बरं. पण तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर वळवून घेता येतो, आणि खोट्या पानावर तुम्ही टाकलेला ओटीपी त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरता येतो. मोबाइलवर ‘मंजूर करा’ अशा विचारणा सतत पाठवून माणसाला कंटाळवायचं, हीदेखील एक चाल आहे. सप्टेंबर २०२२मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या खात्यातून असाच शिरकाव झाला. पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली चावी) किंवा सुरक्षा चावी (वेगळं छोटं उपकरण) संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. जिथे सोय असेल तिथे, निदान मुख्य ईमेलला, ती लावा.

मी पत्रकार आहे. माझ्यासाठी उत्तर वेगळं आहे का?

हो. पत्रकार, वकील, मानवी हक्कांचे कार्यकर्ते, राजकीय विरोधक यांना नाव घेऊन लक्ष्य केलं जातं. पेगासस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या काही हल्ल्यांत समोरच्याने कशालाही हात लावावा लागत नव्हता; संदेश येऊन पोचला की फोन गेला. आयफोनवर २०२२पासून लॉकडाउन मोड आहे. त्याने काही सोयी जातात, पण तुम्ही या गटात असाल तर तो चालू करा, फोन ताबडतोब अपडेट करत राहा, आणि शंका आली की एकट्याने न झुंजता डिजिटल सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेची मदत घ्या.

सगळं करायला वेळ नाही. आधी काय करू?

मुख्य ईमेल. त्याचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा आणि त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असावी. मग फोन, संगणक, राउटर यांचे अपडेट. मग एक बॅकअप, जो घेऊन झाल्यावर संगणकापासून वेगळा काढलेला असेल. जोडून ठेवलेला बॅकअप खंडणीखोर सर्वांत आधी शोधतात. पासवर्ड दर महिन्याला बदलत बसू नका. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको असंच सांगितलं आहे. पासवर्ड फुटल्याची चिन्हं दिसली की मात्र लगेच बदला.

माझं खातं आधीच फुटलंय का, हे कसं पाहू?

ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर ईमेल पत्ता टाकला की तो कोणकोणत्या ज्ञात माहितीचोरींत होता ते दिसतं. त्यानंतर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे ते पाहा आणि अनोळखी सगळी बाहेर काढा. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे ना, तेही तपासा.

आणि एक जागा हमखास राहून जाते: ईमेल पुढे पाठवण्याचे नियम. शिरलेला माणूस तिथे आपला पत्ता घालून ठेवतो. मग तुम्ही पासवर्ड बदललात तरी तुमच्या प्रत्येक पत्राची प्रत त्याला मिळत राहते. तो नियम सापडला तर आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, मग नियम काढून टाका, आणि त्या काळात बँकेशी किंवा ग्राहकांशी जो पत्रव्यवहार झाला असेल तो त्याने वाचलेला आहे असं धरून त्या सर्वांना कळवा.